गोठ्यातला प्लग बंद पडतो तेव्हा

धारेची वेळ झालेली, आभाळ भरून आलेले, आणि गोठ्यातल्या प्लगात काहीही लावा, ढिम्म हलत नाही. हा प्रसंग कोणाच्या घरी आला नाही? मग घरातला कोणीतरी टेस्टर आणतो, भोकात घालतो, दिवा लुकलुकला की "वीज तर आहे" म्हणतो आणि पेचकस घेऊन बोर्ड उघडायला बसतो. वाचकहो, आज या उतावळेपणाबद्दलच बोलायचे आहे.

गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसानंतर आमच्या घरी हेच झाले. धाकट्या भावाने प्लगाच्या उजव्या भोकात टेस्टर घातला, लागला. डाव्या भोकात घातला, तिथेही लागला. "दादा, दोन्हीकडून फेज आलाय!" असे म्हणून त्याने चालू बोर्डाचे स्क्रू सोडवले आणि काळ्या तारेला हात घालू लागला. काळी तार म्हणजे न्यूट्रल, तिच्यात काय असणार, हा त्याचा हिशेब. मी ओरडलो म्हणून हात थांबला. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा होता.

झाले होते ते असे. वीज लाल तारेने येते आणि काळ्या तारेने परत जाते. आमच्याकडे परतीची काळी तारच मागे कुठेतरी सुटली होती. गोठ्यातल्या बल्बचे बटण मात्र चालू राहिले होते. लाल तारेतली वीज त्या बल्बमधून पलीकडे काळ्या तारेत उतरली आणि वाट नसल्याने तिथेच थांबली. पाटाचे पुढचे तोंड बुजले की पाणी वाहत नाही, पण पाट तुडुंब भरलेला राहतो. कुदळ लागेल तिथून फुटतो. तसेच हे. बल्ब लागत नाही, पंखा फिरत नाही, पण काळ्या तारेवर 230 व्होल्ट उभे असतात आणि हात लावणारा माणूस हीच त्यांची वाट होते. म्हणून टेस्टर दोन्ही भोकांत लागला तर दोन फेज आले असे समजू नका. न्यूट्रल तुटला असे समजा. गोठ्यातली सगळी बटणे बंद करून पुन्हा पाहिले तर डाव्या भोकातला दिवा बहुधा विझतो.

आता सुरुवातीपासून पाहू. प्लग बंद दिसला की आधी त्यात लावलेली वस्तू दुसऱ्या चालू प्लगात लावून पाहावी. अर्ध्या वेळा चार्जरच गेलेला असतो आणि शिव्या प्लगाला बसतात. मग घरात इतरत्र वीज आहे का ते पाहावे. नंतर मुख्य बोर्डाकडे जावे. जुना किटकॅट फ्यूज असेल तर तार वितळली आहे का, एमसीबी असेल तर तिचा खटका खाली पडला आहे का, आणि गळती पकडणारा आरसीसीबी असेल तर तो पडला आहे का, हे बघावे. पडलेला खटका एकदा वर करून पाहायला हरकत नाही. पुन्हा पडला तर मात्र हट्ट करू नये, दोरीने बांधून तर मुळीच ठेवू नये. घरात बसवतात तो आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला पडतो. पावसाळ्यात तो वारंवार पडू लागला तर कुठेतरी भिंत ओली आहे किंवा उंदराने तार कुरतडली आहे. त्याला वैतागून तो काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. राखणीचे कुत्रे भुंकते म्हणून त्याला हाकलून देण्यातलाच हा प्रकार.

फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालणाऱ्यांबद्दल काय बोलावे! मग फ्यूज वितळत नाही, भिंतीतली तार वितळते.

हे सगळे ठीक असेल तर दोष प्लगात किंवा त्याच्या तारेत. बोर्ड उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, म्हणजे घरातले दुसरे कोणी नकळत वीज सुरू करणार नाही. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन बंद केल्यावरही त्याच्या तारेत वीज राहते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नंतर टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी तपासून मगच त्यावर विश्वास ठेवावा. पायात कोरडी रबरी चप्पल असावी. आत स्क्रू ढिला असेल तर आवळावा. तार काळी पडली असेल, प्लास्टिक वितळले असेल, भिंतीला ओल असेल, तर बोर्ड पुन्हा झाकून परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मीटरच्या पलीकडे, खांबाकडे, हात नेऊच नये.

एक उपाय गावोगाव चालतो, तो बोलून दाखवलाच पाहिजे. न्यूट्रल तुटला की कोणीतरी शहाणा काळी तार काढून अर्थिंगला जोडतो आणि बल्ब लागतो. लागतो खरा, पण घरातल्या इस्त्रीचा, कुलरचा, गोठ्यातल्या मोटारीचा पत्रा त्याच अर्थिंगला जोडलेला असतो. अर्थिंगचा खड्डा कोरडा असला किंवा तार मध्येच सुटली, की त्या सगळ्या पत्र्यांवर वीज येते. दावणीची साखळी लोखंडी नळाला अडकवलेली असली तर गाय तिथे चार ओल्या खुरांवर उभी असते. ती सांगणार कशी?

आमच्या प्लगाचे मूळ मात्र निराळेच निघाले. त्या प्लगावर सहा महिने कडबाकुट्टी चालत होती. प्लग 6 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला फार तर 1380 वॅट. कडबाकुट्टीची मोटार 2 अश्वशक्तीची, म्हणजे नुसते काम 1492 वॅटचे. वीज त्याहून जास्त खाते, आणि सुरू होताना तर कित्येक पट. तापून तापून मागच्या जोडाच्या डब्यातला काळ्या तारेचा स्क्रू ढिला झाला होता, तार जळून सुटली होती. आता कुट्टीसाठी 16 अँपिअरचा वेगळा प्लग आणि जाड तारेची स्वतंत्र लाइन घेतली आहे. भाऊ दुरुस्तीला बसला की फ्यूज खिशात घालतो, आणि मग मिक्सर लावायला खोळंबलेल्या वहिनी अर्धा तास त्या फ्यूजसाठी त्याला शोधत फिरतात.