लहर किती मीटरची?

ताईच्या नव्या फ्लॅटमध्ये गेल्या दिवाळीआधी एक वास्तुतज्ज्ञ आले होते. हातात इंग्रजी एच अक्षरासारखं यंत्र. दोन दांड्या, मधे सरकणारा तुकडा, बाजूला सेंटिमीटरच्या खुणा. ना बॅटरी, ना वायर. हॉलमधून ते सावकाश चालत आले आणि ओट्यापाशी पोचताच यंत्राने मान टाकली. “इथे निगेटिव्ह आहे.”

ताईचे हात कणकेत होते. तिने घाबरून विचारलं, “मग ओटा फोडायचा?”

“छे हो. तीन पिरॅमिड लावून टाका.”

“साहेब, ही जी लहर तुम्ही पकडलीत, ती किती मीटरची?” असं मी विचारलं. पंगतीत वाढप्याला आमटीतल्या मिठाची टक्केवारी विचारावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनेही.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष धडपणे मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. पूर्वपक्ष असा: प्राचीन आकार हे मुळात अँटेना आहेत. कळस वैश्विक ऊर्जा ओढतो, ती गाभाऱ्यात उतरते. पिरॅमिड ती एकवटतो. शेंडी ती मेंदूत घेते. आणि माणसाच्या देहाला स्वतःचं विद्युत क्षेत्र असल्यामुळे त्याला ती लाभते. यातलं शेवटचं विधान, म्हणजे देहाला विद्युत क्षेत्र आहे हे, अगदी खरं आहे. म्हणूनच बाकीचं खपतं.

वास्तुतज्ज्ञांच्या हातातलं ते एच-यंत्र ज्यांच्या नावाने खपतं, त्या लेचर यांच्यापासून सुरुवात करू, कारण त्यांच्यावर फार अन्याय झालाय. अर्न्स्ट लेचर हे ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी 1890च्या सुमारास दोन समांतर तारा ताणल्या, एका टोकाला विद्युतलहरी सोडल्या आणि तारांवर एक पूल सरकवत नेला. ठरावीक अंतरांवर तारांना लावलेली निर्वात नळी उजळे. दोन उजळ जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी लहर. नळी उजळली की खोलीतल्या सगळ्यांना दिसायची, लेचर यांचं मत काहीही असो. त्यांच्या नावाने आज जे यंत्र विकलं जातं, त्यात लहर सोडणारं काही नाही आणि उजळणारंही काही नाही. निकाल देतं ते मनगट. मनातली अपेक्षा स्नायूंत नकळत उतरते, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज डॉक्टरने 1852 मध्येच सांगून ठेवलं आहे. मी वास्तुतज्ज्ञांना डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा एकदा ओटा शोधायला सांगितलं. ते म्हणाले, श्रद्धा नसेल तिथे यंत्र चालत नाही. रेडिओची अशी अट मी कधी ऐकलेली नाही.

“चालू दे की, कुणाचं काय जातंय?” असं विचारणाऱ्यांसाठी एक घटना सांगतो. इराकमध्ये तपासणी नाक्यांवर बॉम्ब शोधायला एक यंत्र वापरलं जाई. पिस्तुलासारखी मूठ, बिजागरीवर झुलणारी अँटेना आणि आत काहीही नाही. इराकने त्यावर कोट्यवधी डॉलर घातले आणि स्फोटकांच्या गाड्या नाक्यांवरून बिनदिक्कत पार झाल्या. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. तिथेही निकाल मनगटच देत होतं.

आता पिरॅमिड. 2018 मध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात गिझाच्या मोठ्या पिरॅमिडवर एक निबंध आला. 200 ते 600 मीटरच्या रेडिओलहरींशी पिरॅमिड अनुनाद करू शकतो आणि आतल्या कक्षांत, पायाखाली विद्युतचुंबकीय क्षेत्र एकवटू शकतं, असं संशोधकांनी गणिताने दाखवलं. बातम्यांत त्याचं ‘पिरॅमिडमध्ये ऊर्जा सापडली’ झालं. पण 200 ते 600 मीटर म्हणजे तुमची-आमची मध्यम लहर! पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे 378.8 मीटरवर. आमच्या पिढीला हा आकडा सकाळच्या चहाबरोबर पाठ झालेला. तेव्हा फारोने साडेचार हजार वर्षांपूर्वी सोय केली असेल, तर ती फार तर आपल्या बातम्यांची.

पिरॅमिडचा पाया 230 मीटरचा. लहर साधारण पायाएवढी असली की दगड असो, डोंगर असो, काहीतरी अनुनाद होणारच. हाच हिशोब ताईच्या दहा सेंटिमीटरच्या पिरॅमिडला लावा. लहर येते 9 ते 26 सेंटिमीटरची. वायफायची एक लहर साडेबारा सेंटिमीटरची असते. म्हणजे मोबाइलच्या किरणांपासून वाचवतो म्हणून जो विकला जातो, तो काही करत असलाच तर शेजाऱ्यांचं वायफाय गोळा करेल. पोकळ प्लॅस्टिकच्या हातून तेही धड होणार नाही, ही गोष्ट वेगळी.

कळसाला मी जरा जास्त मान देतो, कारण तो निदान धातूचा असतो. पाऊण मीटरचा तांब्याचा कळस एफएमच्या लहरीला जवळचा आहे. तिची पाव लांबी तेवढीच भरते. पण खाली उतरणारी तार कुठाय? कळस चुन्यात आणि दगडात रोवलेला. तार जोडली तरी हाती येईल ती मायक्रोवॉटमध्ये मोजावी इतकी ऊर्जा. रांगेत उभा असलेला भक्त नुसता उभा राहून शंभरेक वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे त्याच्या काही कोटी पट. हिशोब लावलाच तर देवळाला ऊर्जा भक्ताकडूनच मिळते. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर पाहा: एकावर एक चढत जाणाऱ्या लहान शिखरांच्या ओळी, त्यात नजर अडकत अडकत वर जाते. ते घडवणाऱ्याने काय साधलं ते उघड्या डोळ्यांना दिसतं. त्याला अँटेनावाला ठरवणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं.

आता मंडन. देह अँटेना असतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. गच्चीवर मामा टीव्हीचा अँटेना फिरवायचा, जिन्यात मावशी, खाली आम्ही. “आलं का?” “नाही, मुंग्या!” आणि मामाने दांडी हातात घट्ट धरली की चित्र लख्ख. हात सोडला की पुन्हा मुंग्या. एका रविवारी रामायण संपेपर्यंत मामा तसाच उभा होता. माणूस म्हणजे उभं खारं पाणी. टीव्हीच्या त्या लहरी काही मीटरच्या आणि आपली उंचीही मीटरांतच, म्हणून जुळतं. हृदयाचं चुंबकीय क्षेत्रही खरं आहे. 1963 मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी वीस लाख वेढ्यांच्या वेटोळ्यांनी ते पकडलं. ते पृथ्वीच्या क्षेत्राचा जेमतेम दहा लाखावा भाग.

आणि दगडातली ऊर्जा? तीही आहे. मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन एका गडावर गेलो होतो. माथ्यावरच्या काळ्या कातळावर होकायंत्र ठेवलं, चार बोटं सरकवलं, तर काटा गर्रकन वळला. “मामा, इथे एनर्जी आहे!”

आहे, म्हटलं. या कातळात मॅग्नेटाइटचे कण आहेत. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. माथ्यावर वीज पडते तिथे तर ते आणखी जोरात चुंबकतात, म्हणून काटा असा पिसाटतो. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकी ही दिशा तिरपी होत जाते. 1950च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांतला हा तिरपेपणा मोजला आणि कळलं, की हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. तिथून ती सरकत इथवर आली.

भाच्याने होकायंत्र उचललं, पुन्हा ठेवलं, काटा स्थिरावेपर्यंत वाट पाहिली.

“किती तिरपी होती?”