‘सर्व्हर अस्तित्वात नाही अथवा प्रवेश नाकारला’

मार्च २००८ च्या अखेरच्या आठवड्यात तपासणीच्या निमित्ताने मी कुंभकोणम येथील एका केंद्रीय कार्यालयात होतो. कार्यालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही; असे कार्यालय देशात कोठेही सापडेल. गुरुवारी सकाळी देयक शाखेतील सहाही संगणकांवर एकच इंग्रजी संदेश झळकू लागला. त्याचा अर्थ : एसक्यूएल सर्व्हर अस्तित्वात नाही अथवा प्रवेश नाकारला. वर्षअखेर चार दिवसांवर आली होती. ३१ मार्चनंतर अखर्चित अनुदान व्यपगत होते, हे वाचकांस सांगावयास नको. बाहेरच्या बाकावर एका दिवंगत कर्मचाऱ्याची पत्नी थकबाकीच्या देयकासाठी स्वामिमलईहून येऊन बसली होती.

पुढचा दीड दिवस पत्रव्यवहारात गेला. प्रोग्रॅम पुरवणाऱ्याने दूरध्वनीवर सांगितले, दोष नेटवर्कचा. नेटवर्कच्या ठेकेदाराने सर्व्हरवरील सामायिक फोल्डर प्रत्येक टेबलावरून उघडून दाखवला आणि विचारले, नेटवर्क बंद असते तर हे उघडले असते का? यंत्राची देखभाल करणाऱ्याने सर्व्हरसमोर बसून तोच प्रोग्रॅम चालवून दाखवला. तिघेही खरे बोलत होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये : दोष शोधण्याचा खर्च ज्याने करावयाचा, त्याला त्यापासून लाभ काहीच नव्हता; दोष पुढे ढकलणे सर्वांत स्वस्त होते.

शुक्रवारी दुपारी शाखेतील एक तरुण लिपिक पुढे आला. त्याच्या घरी तंजावरी मराठी बोलत, त्यामुळे आमचे सूत लवकर जुळले होते. त्याने कोणालाही दोष न देता एकेक दार ठोठावून पाहिले. डेटाबेसची सेवा चालू आहे काय? आहे. टेबलावरील संगणकाला सर्व्हरचा पत्ता सापडतो काय? सापडतो. मग ज्या १४३३ क्रमांकाच्या पोर्टवर डेटाबेस विनंत्या स्वीकारतो, तेथे उत्तर मिळते काय? तेथे शांतता. यंत्र जागे, सेवा जागी, दार मात्र बंद!

कारण बुधवारी संध्याकाळचे होते. कार्यालयात सर्व्हर म्हणून वापरात असलेला संगणक साधा विंडोज एक्सपीचा होता, आणि त्यावर कोणीतरी मायक्रोसॉफ्टचा सर्व्हिस पॅक २ बसवला होता. २००४ साली आलेल्या या सुधारणेने संगणकाची फायरवॉल आपोआप चालू होत असे. फायली वाटण्याची सूट त्या फायरवॉलमध्ये दिलेली होती, म्हणून फोल्डर उघडत होता. डेटाबेसच्या पोर्टला सूट कोणी दिली नव्हती. फायरवॉल नकारही कळवत नाही, विनंती नुसती गिळून टाकते. त्यामुळे सर्व्हर नाही की आहे आणि भेटत नाही, हे बिचाऱ्या प्रोग्रॅमला कळण्यास मार्गच नव्हता.

येथे माझी स्वतःची चूक नमूद करणे भाग आहे. ‘फायरवॉल पूर्ण बंद करा, एप्रिलमध्ये पाहू,’ असे मीच म्हणालो. लिपिकाने नम्रपणे, पण ठामपणे नकार दिला. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा कृमी याच सर्व्हर प्रोग्रॅमच्या १४३४ क्रमांकाच्या पोर्टमधून शिरला आणि सुमारे दहा मिनिटांत जगातील बहुतेक असुरक्षित यंत्रांत पोहोचला. त्यावरील उपाय जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाला होता. अनेकांनी तो लावण्याचे ‘नंतर पाहू’ म्हटले होते. लिपिकाने केवळ १४३३ ला, तेही कार्यालयाच्या स्वतःच्या नेटवर्कपुरती, सूट दिली. एकूण पंचवीस मिनिटे लागली. चार वाजता त्या बाईंचे देयक मंजूर झाले. त्या आदल्या दिवशीही येऊन रिकाम्या हाताने परतल्या होत्या, हे मला नंतर समजले.

तो संदेश मात्र माझ्या मनातून गेला नाही. ‘नाही अथवा नाकारले’ ही भाषा आपल्याला परकी नाही. ‘अर्ज अपूर्ण अथवा अपात्र असल्याने परत’ हा शेरा मी स्वतः शेकडो वेळा मारला असेन. अपूर्ण असेल तर कागद जोडता येतो, अपात्र असेल तर अपील करता येते. दोन्ही एका वाक्यात बांधले की अर्जदाराला काहीच करता येत नाही. यंत्राजवळ निदान सबब आहे की त्याला ठाऊक नव्हते. आपल्याला बहुधा ठाऊक असते.

दुसरा प्रश्न नोंदीचा. बुधवारी काय बदलले हे कोठेही लिहिलेले नव्हते. टाचणीच्या डबीचीही नोंद साठा-नोंदवहीत करणाऱ्या कार्यालयात सर्व्हरमधील बदलाला एक ओळ मिळू नये? तंजावर माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमला जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषवणाऱ्या माधवरावांनी १८८१ मध्ये तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली आणि ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथबद्ध झाली. अनुभव माणसाबरोबर जाऊ न देता कागदावर उतरवणारा हा दिवाण. त्याच्या गावात आमची सारी माहिती ठेकेदाराच्या डोक्यात होती!

मी तेथेच एक बदल-नोंदवही सुरू करण्यास सांगितले : तारीख, काय बदलले, कोणी, कोणाच्या अनुमतीने, आणि पूर्ववत कसे करावे. २०१० मध्ये पुन्हा जाण्याचा योग आला तेव्हा ती मागवली. सात नोंदी सुबक अक्षरात होत्या, पुढची पाने कोरी. लिपिकाची बदली तिरुच्चिरापल्लीस झाली होती. नोंदवही ठेवणे कोणाच्याही कामाच्या यादीत मी लेखी घातले नव्हते. ती यादी मी त्याच दिवशी दुरुस्त केली.