आरोग्यविचार : सोनोग्राफीच्या कागदाची पारख

सोनें घेतांना आपण तें कसास लावतों, धान्य भरतांना मूठभर हातावर घेऊन पाहतों. परंतु सोनोग्राफीचा कागद हातीं आला म्हणजे तो न वाचतांच कपाटांत जातो. ज्या घरांत सून गर्भवती आहे त्या घरानें तरी हा भोळेपणा सोडावा, अशी आमची विनंति आहे.

ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हांपासून ही विद्या प्रसूतिशास्त्रांत रुळत गेली. कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटांत सोडावयाच्या व परतणाऱ्या प्रतिध्वनीचें चित्र उमटवावयाचें, हें तिचें सूत्र. क्ष-किरणांचा धोका तींत नाहीं. तथापि ध्वनीची शक्ति शरीरांत थोडी उष्णता उत्पन्न करिते. म्हणून कार्य साधण्यापुरतीच शक्ति व तितकाच वेळ वापरावा, असा दंडक आहे. केवळ हौसेखातर बाळाचें चित्र पुनःपुन्हा काढविणें युक्त नव्हे, तें याच कारणानें.

आपल्याकडे या विद्येचा उपयोग गर्भांतील मुलगी हुडकण्याकडे झाला, हें दुःखानें सांगावें लागतें. महाराष्ट्रानें १९८८ सालीं याविरुद्ध देशांतील पहिला कायदा केला. संसदेचा १९९४ चा कायदा १९९६ पासून अंमलांत आला. तरीही २०११ च्या शिरगणतींत आपल्या धाराशिव, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली नऊशेंच्या आंतच भरल्या. हा दोष यंत्राचा नव्हे. घरानें यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचा होय. या कायद्यानें लिंगनिदान करविणाऱ्या नातलगांसही तुरुंगवास सांगितला आहे. आणि विरुद्ध पुरावा नसेल तर गर्भवतीस तिच्या नवऱ्यानें वा नातलगांनीं भाग पाडलें, असेंच तो गृहीत धरतो. एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनीं हें कलम लक्षांत ठेवावें.

भिंतीवरील नोंदणीपत्र, लिंगनिदान होत नसल्याचा फलक आणि गर्भवतीविषयीं भरावयाचा 'एफ' नमुना, हीं सर्व हवींतच. परंतु तीं पाहून तपासणीही उत्तमच होणार, असें मानणें भ्रम होय. यंत्र जुनें होऊन चित्र अंधुक झालें आहे काय, त्याची वेळच्यावेळीं देखभाल होते काय, हें नोंदणीपत्र सांगत नाहीं. एनएबीएच ही संस्था गुणवत्तेचें मानांकन देते खरी, पण तें घेणें ऐच्छिक आहे. म्हणून घरानेंच चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचें शिक्षण. या कामास स्वतंत्र शिक्षण लागतें, व त्याविषयीं नम्रपणें विचारण्यांत कोणाचाही अपमान नाहीं. दुसरी, स्वच्छता. पोटावर फिरवावयाचें साधन प्रत्येक स्त्रीनंतर पुसून शुद्ध केलें पाहिजे. योनिमार्गें तपासणी असेल तर दर वेळीं नवें आवरण हवें, आणि शिवाय तें साधन जंतुनाशकांत शुद्ध केलेलें हवें. तिसरी, वेळ. गर्भाचें वय पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत अचूक कळतें. अवयवांतील व्यंगें अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास पाहावयाचीं असतात. ती वेळ टळली तर उपाय ठरविण्याचा अवधि आखडतो. चौथी, अहवाल. त्यांत मापें, वारेची जागा, गर्भजलाचें प्रमाण हीं तर असावींतच. पण बाळाच्या स्थितीमुळें जें दिसलें नाहीं तेंही लिहिलेलें असावें. 'अमुक दिसलें नाहीं' असें लिहिणारा डॉक्टर कच्चा नव्हे, तो प्रामाणिक होय.

या बारकाव्यास आपल्या जिल्ह्यांत विशेष मोल आहे. परंडा, भूम, लोहारा अशा तालुक्यांतील खेड्यांतून मोठें रुग्णालय दूर पडतें. वार गर्भाशयाच्या मुखावर आल्याचें आधीं कळलें, तर रक्ताची व शस्त्रक्रियेची सोय असेल तेथें प्रसूतीची तजवीज करितां येते. न कळलें, तर अपरात्रीं रक्तस्राव सुरू होऊन वाटेंतच अनर्थ ओढवतो. आपल्या घरीं कामास येणाऱ्या गर्भवतीसही सांगावें कीं, दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते. ऊसतोडीस जाणारी असेल तर जुने अहवाल तिनें बरोबर न्यावे.

तपासणीहून परतलेल्या सुनेस घरानें काय विचारावें, यावरून त्या घराची पारख होते. 'वार कोठें आहे? वाढ बरोबर आहे ना? कांहीं पाहावयाचें राहिलें काय?' एवढे प्रश्न पुरे आहेत. यांपलीकडचा जो एक प्रश्न कित्येकांच्या ओठांवर असतो, तो सुशिक्षित घराच्या उंबरठ्याआंत येऊं नये.