जुन्या वह्या रद्दींत घालूं नका

खर्डा म्हटलें कीं १७९५ सालची निजामाशीं झालेली लढाई, एवढेंच आपणांस आठवतें. पण याच जामखेड तालुक्यांत १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं निरक्षर ग्रामस्त्रियांसही आरोग्यसेविका करून दाखविलें. तेंही संशोधनच होय. इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठीं वाडे धुंडीत हिंडले, हे डॉक्टर रोगाच्या मुळासाठीं घरें. शास्त्रें निराळीं खरीं, परंतु दोहोंसही दार उघडणारा गृहस्थ लागतो. खर्ड्याच्या एखाद्या पेढीच्या माळ्यावर जुन्या वह्या असल्या, तर त्यांतील ज्वारीचा भाव इतिहासकारास हवा, अर्थशास्त्रज्ञास हवा, अवर्षणाचा अभ्यास करणारासही हवा. 'उपयोग काय?' असें म्हणून आमचे व्यापारी बंधु त्या रद्दींत घालणार असतील, तर (पुडी बांधणारेही तेच!) दिवाळींत माळा झाडतांना त्यांनीं त्या एकदां तरी उघडून पाहाव्या.