गायरानाचे भाडे

रात्री-अपरात्री उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्यांनी दिवसा विजेसाठी २०२२ साली कोल्हापुरात धरणे धरले होते. २०२३ च्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’चा हेतूही तोच आहे. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो जमिनीच्या मोलाचा. खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १.२५ लाख रुपये भाडे ठरले. परंतु उसाच्या पट्ट्यात तेवढ्यावर शेत कोण सोडील? साहजिकच दृष्टी वळते गायरानाकडे. ते नाममात्र भाड्याने मिळते. ग्रामपंचायतीस अनुदान वर्षाला ५ लाख, तेही ३ वर्षे. वीजखरेदीचा करार मात्र २५ वर्षांचा! एखादी म्हैस पाळून संसार रेटणाऱ्या भूमिहीनाची चराई बुडते, तिचा हिशेब वीजदरात कोठेच नाही. खाजगी मालकास देऊ केलेले भाडेच करार संपेपर्यंत गावासही मिळाले पाहिजे.