गांजाची छाट: जर्मनीत महिन्याला ५ मिळतात, भारतात एक लावली तरी गुन्हा का?

हिरवी फांदी कापली, मातीत खोचली, काही दिवसांनी मुळं फुटली. परदेशातले असे रील्स पाहून अनेकांना वाटतं, गुलाबाचं कलम लावण्यासारखंच तर आहे हे! बागकामाच्या बाजूनं ते खरंही आहे. पण रोप गांजाचं असेल, तर फरक कायद्यात पडतो. तो समजून घेऊया.

बी असताना छाट कशाला?

गांजाच्या झाडात सहसा नर आणि मादी वेगवेगळे असतात. नशा आणणारं टीएचसी हे रसायन सर्वाधिक असतं ते मादी झाडाच्या फुलोऱ्यात. साधं बी पेरलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात. त्यांच्या परागकणांमुळे मादी फुलांत बिया धरतात आणि उत्पादकाच्या दृष्टीनं मालाचा दर्जा घसरतो.

छाटेत ही अनिश्चितता नसते. मादी झाडाच्या फांदीपासून मादी झाडच तयार होतं, तेही मूळ झाडाची जनुकीय नक्कल. आपल्याकडे उसाचं बेणं किंवा द्राक्षाच्या काड्या लावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

याला दुसरी बाजूही आहे. छाटेबरोबर मूळ झाडाचा रोगही पुढे जातो. उत्तर अमेरिकेतल्या उत्पादकांना 'हॉप लेटंट व्हायरॉइड' या रोगकारकानं याच मार्गानं मोठा त्रास दिला आहे.

जर्मनीत नेमकी कशाला परवानगी आहे?

जर्मनीचा नवा कायदा १ एप्रिल २०२४ ला लागू झाला. किमान सहा महिन्यांपासून तिथे राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीला घरी स्वतःच्या वापरासाठी एका वेळी ३ झाडं वाढवता येतात. १ जुलै २०२४ पासून लागवड करणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या क्लबना परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला. एका क्लबमध्ये जास्तीत जास्त ५०० सदस्य असू शकतात.

या कायद्यात छाटेची वेगळी व्याख्या आहे: लागवडीसाठी वापरायचं, पण फुलोरा किंवा फळं नसलेलं कोवळं रोप किंवा फांदीचा तुकडा. क्लब एका व्यक्तीला महिन्याला ७ बिया किंवा ५ छाटा देऊ शकतो. घरी वाढवायची परवानगी द्यायची आणि रोपं मात्र काळ्या बाजारातून घ्यायला लावायची, ही विसंगती टाळण्यासाठी ही सोय आहे.

म्हणजे तिथेही मोकळं रान नाही. संख्या ठरलेली आहे आणि झाडं लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घेणं बंधनकारक आहे.

मग भारतात काय?

इथेच अनेकांची गल्लत होते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचा फुलोरा. शेंड्यांशिवाय नुसती पानं किंवा बिया या व्याख्येत येत नाहीत. भांगेला काही राज्यांत वाट मिळते ती यामुळेच. महाराष्ट्रात मात्र राज्याच्या दारूबंदी कायद्यामुळे भांगेवरही परवान्याचं बंधन आहे.

यावरून 'फुलं येईपर्यंत रोप चालतं' असा तर्क काढला जातो. तो चुकीचा आहे. कारण याच कायद्यात 'कॅनॅबिसचं झाड' ही स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्यात या प्रजातीचं कुठलंही झाड येतं. फुलं आली की नाहीत, नर की मादी, असा भेद तिथे नाही. विनापरवाना लागवड केल्यास कलम २० नुसार १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाडांच्या संख्येची कोणतीही सूट या कलमात दिलेली नाही. त्यामुळे बाल्कनीतली एक कुंडीही अडचणीत आणू शकते.

सगळेच दरवाजे बंद आहेत का?

नाही. धागा, बी किंवा बागायती उपयोगासाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कलम १४ नुसार सरकारला आहे. उत्तराखंडनं याच वाटेनं कमी टीएचसी असलेल्या औद्योगिक हेंपला परवाने दिले. पण हा परवाना सरकार देतं, हौस म्हणून कुणाला घेता येत नाही.

एकच फांदी बर्लिनमध्ये नियमात बसते आणि पुण्यात गुन्हा ठरते, ती यामुळे. रील कुठल्या देशातलं आहे, हे व्हिडिओत बहुतेकदा सांगितलेलं नसतं. पोलीस तपासात मात्र झाड कुठे लावलं होतं, हेच आधी पाहिलं जातं.