क्रमांकाचा वाद आणि तराजू

जागतिक भूक निर्देशांकाच्या २०२४ च्या यादीत १२७ देशांमध्ये भारताला १०५ वा क्रमांक मिळाला. अशी यादी निघाली की विरोधकांच्या हाती शस्त्र येते आणि सरकार तिच्या पद्धतीवर आक्षेप घेते. हे आक्षेप सर्वस्वी निराधार नाहीत. निर्देशांकाच्या चार घटकांपैकी तीन केवळ बालकांविषयीचे आहेत. चौथा, अपुऱ्या आहाराचा घटक, हा देशातील उपलब्ध अन्न व त्याची वाटणी यांवरून बांधलेला अंदाज असतो. या अंदाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रणी होते. माणसामाणसांची गरज भिन्न असते. सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजू नये, असा त्यांचा आग्रह होता.

परंतु अंदाजाविषयी जितका वाद संभवतो, तितका तराजूविषयी संभवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे सरकारच्याच पाहणीत, पाच वर्षांखालील मुलांपैकी उंचीच्या मानाने कृश असलेल्यांचे प्रमाण देशात १९.३ टक्के, तर महाराष्ट्रात २५.६ टक्के आढळले. उलट २०२३ मध्ये केंद्र सरकारने पोषण ट्रॅकरच्या आधारे हे प्रमाण ७.२ टक्क्यांहून कमी असल्याचे सांगितले. या तफावतीचे एक कारण उघड आहे. पाहणी निवडलेल्या घरी जाऊन मोजते; ट्रॅकरमध्ये अंगणवाडीत मोजल्या गेलेल्या मुलांचीच नोंद होते. आईबापांबरोबर मजुरीसाठी परगावी गेलेले मूल त्या नोंदीतून सहज निसटते.

बुलढाणा जिल्ह्याने हा वाद दुरून पाहण्याचे कारण नाही. कुपोषण म्हटले की राज्याचे लक्ष अमरावतीतील धारणी-चिखलदऱ्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण सातपुडा जिल्ह्याच्या सीमेशी थांबत नाही. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी वस्त्या त्याच डोंगराच्या आश्रयाने वसल्या आहेत. तेरा तालुक्यांच्या सरासरीत या वस्त्या आणि खामगाव-मलकापूरच्या बाजारपेठा एकाच आकड्यात विरून जातात. देशाच्या क्रमांकावर रुष्ट होणारे आपण जिल्ह्याच्या सरासरीवर मात्र निर्धास्त राहतो, ही विसंगती आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. किती मुलांचे वजन व उंची मोजली, याबरोबरच किती मुलांची मोजायची राहिली, हेही प्रत्येक अंगणवाडीने दरमहा गावात जाहीर करावे. आणि आरंभ या दोन तालुक्यांपासून व्हावा. जे मूल तराजूवर चढलेच नाही, ते सुदृढ आहे असे मानण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.